खडक नाल्याचं आख्यान

महालक्ष्म्या काल उठल्या, पण पाहुणे काही उठायचं नाव घेत नव्हते. सकाळपासून तीनदा चहा झाला होता आणि कपबश्या विसळून विसळून सुलोचनेच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. घर सासरचं, त्यातून आमदाराचं, त्यातून कीर्तनकार बुवाचं. अशा घरात सून म्हणून येण्यापेक्षा धर्मशाळेत झाडूवाली म्हणून राहिलेलं बरं, असं तिला दिवसातून दोनदा तरी वाटायचं.

ओसरीवर तिचे सासरे, महादेवराव भोयर, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून उद्याच्या भाषणाची तयारी करत बसले होते. साडेअकराला रेंगीला बैल जुंपायचे, सेलूला मोटर गाठायची, संध्याकाळपर्यंत नागपूर. उद्या असेंब्लीत त्यांना पाच मिनिटं मिळाली होती. काम एवढंच, की खडक नाल्यावर पूल मागायचा. आणि पाच मिनिटं या माणसाला घसा साफ करायलासुद्धा पुरत नाहीत, ही खरी पंचाईत होती.

तीस वर्षं बुवांनी बोरच्या जंगलालगतची गावं पालथी घातली होती. उमेदीत तट्टावर, पुढे माणसं न्यायच्या हलक्या रेंगीतून. जिथे शाळा नाही, दवाखाना नाही, तिथे हा माणूस चार चार तास उभा राहून बोलला. लोकांची दारू सोडवली, भांडणं मिटवली. बावन्न साली लोकांनीच त्यांना उभं केलं आणि लोकांनीच निवडून दिलं. पण असेंब्लीला कीर्तनाची रीत ठाऊक नव्हती आणि बुवांना असेंब्लीची. साडेचार वर्षांत ते सातदा बोलायला उठले आणि सातही वेळा नमनातच घंटी वाजली. पहिल्या खेपेला तर केळझरचा गणपती झाला, शारदा झाली, गुरू झाले, समोरच्या बाकांवरच्या संतसज्जनांना दंडवत सुरू झालं आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली. तीस वर्षांची सवय! घंटी ऐकल्याबरोबर बुवांनी डोळे मिटले, हात जोडले आणि आरतीला उभं राहावं तसे उभे राहिले. सगळं सभागृह हसलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी मात्र चुकून हात जोडले, असं बुवांचा धाकटा भाऊ बाबाराव सांगायचा.

आता वेळ उरला नव्हता. एक नोव्हेंबरला नागपूरची असेंब्ली मोडणार, वर्धा जिल्हा मुंबईला जोडला जाणार. मुंबईत खडक नाल्याला कोण ओळखतं? पूल मागायचा तर उद्या, नाहीतर पुढची दहा वर्षं विसरा.

"बाबा, कुठून सुरू करता?" रूपरावने विचारलं. हा बुवांचा मुलगा, सुलोचनेचा नवरा. शेती तोच पाहायचा. गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन तो बापासमोर बसला होता.

"सेतुबंधनापासून," बुवा म्हणाले. "वानरसेना समुद्रकाठी आली, इथून."

"बापा!" मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. त्या बुवांच्या थोरल्या बहीण. नाचणगावला दिलेल्या, महालक्ष्म्यांना आल्या की आठ दिवस हलायच्या नाहीत. "महादेवा, तुले पूल नाल्यावर पाह्यजे का समुद्रावर? रामापासून निंगाला तं खडक नाल्यापाशी यवस्तोवर दिवाळी होईन!"

"बाई, नमनाबिगर माही वाचाच चालत नाई."

"नमनालेच घडाभर तेल! मंग दिवा लावाले काय उरन?"

स्वयंपाकघराच्या दारातून सुलोचना ऐकत होती. तिच्या हातात कालच्या आंबिलीचं पातेलं होतं आणि ते घासायचं ती विसरली होती. तिला पुलाशी दुसऱ्या कुणाहून जास्त काम होतं. दोन वर्षांमागे याच भाद्रपदात तिचं पहिलं बाळ खडक नाल्याच्या काठावर गेलं. पोटातच अडलं. सेलूचा दवाखाना पलीकडे, पाणी छातीएवढं, आणि ती रेंगीत. ती वाचली कशी, हे आनंदाबाई सुईणीलाही सांगता येत नव्हतं. आता तिला पुन्हा दोन महिने झाले होते. पुढच्या पावसाळ्याआधी पूल होणार नाही, तिला कळत होतं. पण निदान मागा तरी! एवढं बोलता येणारा माणूस घरात, आणि त्याच्या तोंडून दोन कामाच्या गोष्टी निघू नयेत, म्हणजे काय म्हणावं?

"आणा ती देवघरातली घंटी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता मी अध्यक्ष. माह्या घंटीले बसाचं, समजलं? रूपराव, लाव रे घड्याळ."

पहिल्या खेपेला नल-नील दगडांवर नाव लिहीत होते तेव्हा घंटी वाजली. बुवांचे हात जुळले.

"बाबा, हात खाली!" रूपराव ओरडला.

दुसऱ्या खेपेला रामाला रजा मिळाली. पण मग नदीचं महत्त्व निघालं, नदीवरून गंगा, गंगेवरून भगीरथ. पुन्हा घंटी, पुन्हा हात.

"दादा, तुमी मुद्दाम करून राह्यले का?" बाबाराव आता उभाच राहिला. अंगात खादीचं जाकीट, खिशात दोन पेनं. भावाचं सगळं राजकारण हाच सांभाळायचा आणि त्याला मनापासून वाटायचं की आमदार दादा असले तरी खरा आमदार आपणच. पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक होती. तिकीट वाटणारी माणसं म्हणायला लागली होती, की भोयरबुवा देवमाणूस खरा, पण साडेचार वर्षांत त्यांनी मतदारसंघाचं नावसुद्धा सभागृहात पूर्ण घेतलं नाही. "सेलूत लोक हसतात मले. म्हनतात, तुमच्या बुवाले असेंब्लीत पाठवलं का देवळात? उद्या पूल मागतला, पेपरात नाव आलं, तं तिकीट पक्कं. नाई तं बसा घरी टाळ कुटत!"

"मले तिकिटाचं काय कवतिक?"

"तुमाले नसन. आमाले आहे ना!"

माजघरात पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत असलेल्या विमलाबाईंनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, पोळपाट जरा जास्तच जोरात आपटला. तीस वर्षं हेच. नवरा गावोगाव देव वाटत हिंडला आणि त्याच्या मागे आलेली माणसं त्यांनी जेवू घातली. पहिल्यानं भजनी यायचे, आता अर्ज घेऊन येणारे येतात, पीठ तेवढंच लागतं. त्यांना पूलही नको होता आणि तिकीटही नको होतं. त्यांना एक दिवस असा हवा होता की दारात कुणाच्याही वहाणा नाहीत.

"आवो, आटपा ना लवकर!" त्या आतून म्हणाल्या. "एवढं काय आहे त्याच्यात? नाला आहे, पानी येते, मानसं अडकतात, पूल द्या. झालं! मी जातो हवं तं नागपूरले!"

सगळे हसले. बुवाही हसले, पण त्यांना ते लागलं. बोलण्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, एक पाय थोडा पुढे घेतला, उपरणं खांद्यावर नीट केलं. ते असं करायला लागले की ऐकणाऱ्यांनी सावरून बसायचं असतं, हे चाळीस गावांना माहीत होतं. ओसरीखाली दोन शेजारणी येऊन टेकल्या.

"ऐका सज्जनहो! भाद्रपदाचा महिना. मेघांनी आभाळ कोंदलं. आमदाराची सून, कोवळी पोर, पहिलं बाळंतपण! कळा देऊन राह्यली, आन मधी तो काळ आडवा पडला, खडक नाला! अलीकडं माता, पलीकडं वैद्य, मधी पानीच पानी. माता म्हणे, देवा, मले ने, माह्या लेकराले ठेव! पन दैवाची गती कोनाले कळली? सज्जनहो, सासरा आमदार, घरी बैलजोडी, दारात रेंगी, तरी लेकराच्या बोळक्यात दूध घालाची वेळ नाई आली!"

आवाज असा काही लागला होता की शेजारणींचे पदर डोळ्यांना गेले. रूपराव घड्याळ विसरून खाली पाहत होता. बाबारावच्या डोळ्यांत चमक आली. हेच! हेच तर पाहिजे होतं! असेंब्ली रडली पाहिजे!

"वा!" मनकर्णाबाईंनी नाक पुसलं. "घंटी वाजवाचं भान नाई राह्यलं मले. नाचणगावले सांगतलं तवाही असंच, बाया कशा हमसून हमसून रडल्या होत्या!"

माजघरात पोळपाटाचा आवाज थांबला.

सुलोचना दारात आली. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहत नसे. बोलायचं झालं तर भिंतीआडून, तेही रूपरावच्या नावानं. आज डोक्यावरचा पदर मागे सरला होता आणि तो ओढायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"आत्याबाई, नाचणगावले काय सांगतलं?"

मनकर्णाबाईंनी जीभ चावली. "काई नाई वो. आपलं असंच, कीर्तनात."

"मामाजी, कुठी कुठी सांगतलं हे?"

बुवा गडबडले. या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं आणि ते त्यांना चांगलंही वाटायचं. "सूनबाई, तुह्या दुःखानं कितीक लोकांचे डोळे उघडले. त्या लेकराचं येनं वाया नाई गेलं."

"वाया?" तिचा आवाज फाटला. "माहं लेकरू गेलं, मामाजी! ते तुमच्या आख्यानात कामी आलं म्हनून मी काय लाडू वाटू? दोन वर्सं झाले, या घरात कोनी माह्यासमोर त्याचं नाव काढत नाई. मले वाटे, मले तरास नोको म्हनून. आन तुमी भायेर गाऊन राह्यले!"

"सुलोचना," रूपराव म्हणाला.

"तुमी गप राहा. तुमाले माहीत होतं?"

रूपरावनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाच कळलं नसावं.

"चाळीस गावात माहं लेकरू मेलं," ती म्हणाली, "आन जिथं मागाचं तिथं, नागपुरात, एकदा नाई. सातदा उठले तुमी, एकदाबी नाला नाई निंगाला तोंडातून."

शेजारणी उठावं की बसावं अशा अर्धवट उभ्या होत्या. विमलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच त्या सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या. "बरोबर बोलून राह्यली ते. हे घरातलं गाऱ्हानं गावात गायाचं काऊन? मी तवाच म्हनलं होतं यायले."

सुलोचनेनं सासूकडे पाहिलं. म्हणजे यांनाही ठाऊक होतं. बरं.

"सांगाचं आहे ना तिथं? सांगा," ती सासऱ्यांना म्हणाली. "माही ना नाई. पन गाऊन नाई. मी इचारतो, तुमी उत्तर द्या. राम नाई, दैव नाई. हो का नाई, आन किती वाजता, एवढंच. तसं पाच मिनिटात होते सारं."

"हे मस्त आहे!" बाबाराव पुढे सरसावला. पोरीनं डोकं चालवलं, हे त्याला मान्य करावं लागलं. "मी लिहून घेतो. सवाल-जवाब. असंच पाह्यजे असेंब्लीत." त्यानं खिशातलं पेन काढलं.

"मले कळा कवा सुरू झाल्या?"

"उषःकाली," बुवा म्हणाले.

"उषःकाल नाई. वाजले किती होते?"

"नवाले," रूपराव म्हणाला.

"आनंदाबाईनं काय सांगतलं?"

"लेकरू आडवं आहे. सेलूले न्या, मले नाई जमत, म्हने," रूपरावच म्हणाला.

"किती वाजता?"

"बाराले. सूर्यनारायण..." बुवांनी स्वतःलाच आवरलं. "बाराले."

"मंग काऊन नाई नेलं?"

"रेंगी नव्हती घरी. शेताची बंडी जड, त्या काळ्या मातीत आसापर्यंत रुतली असती. रेंगी मी नेलती. हिंगणीले, कीर्तनाले."

"मंग?"

"मंग नत्थूजीले धाडलं मले बलावाले."

अंगणात नत्थूजी बैलांना जुंपायला घेऊन आला होता. घरचा जुना सालदार, बुवांची रेंगी हाकायचाही तोच. फक्त त्या दिवशी रूपरावनं त्याला शेताच्या कामाला ठेवून घेतलं होतं आणि बुवा एकटेच हाकत गेले होते. आपलं नाव ऐकून तो थबकला आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला.

"हिंगणी दीड कोस. नत्थूजी पोचले कवा?"

"बस झालं आता!" विमलाबाई एकदम म्हणाल्या. "साडेदहा वाजून गेले. पाहुन्यांची पानं वाढाची आहेत. चाल, सुलोचना, आत चाल. पोटुशी बाई, एवढा संताप बरा नाई. रूपराव, उचल ते घड्याळ."

सुलोचना हलली नाही. सासूनं तिचा दंड धरला. पिठाची बोटं तिच्या दंडात रुतली. रागानं माणूस असं धरत नाही.

बाबारावनं लिहिलेल्या चार ओळी वाचल्या, विमलावहिनीचा चेहरा पाहिला, अंगणातल्या नत्थूजीचा पाहिला. त्यानं तीस वर्षं माणसंच वाचली होती. पेनाचं टोपण त्यानं लावलं. "दादा, मले वाटते रामाचंच बरं होतं," तो म्हणाला. "सेतुबंधन थोडंसं कमी करू. दोन मिनिटं राम, तीन मिनिटं नाला. लोकांलेबी तेच आवडते."

"आत्ताच तं म्हनत होते मस्त आहे!" मनकर्णाबाई चिडल्या. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. "काय चाललं काय तुमचं सगळ्यायचं? पोरगी सरळ इचारून राह्यली, सरळ सांगा ना!"

महादेवराव उभेच होते. आख्यानात या जागेला ते नेहमी म्हणायचे, पण दैवाची गती कोणाला कळली. ते वाक्य म्हटलं की आवाज आपोआप वर चढायचा, मृदंगावर थाप पडायची आणि पुढची ओळ थेट नाल्याच्या काठावर जायची. मधला पाऊण तास त्यांना कधी सांगावाच लागला नव्हता. चाळीस गावांत कुणी विचारला नव्हता. कीर्तनात प्रश्न विचारायची रीत नसते.

आज मृदंग नव्हता. सून समोर उभी होती, डोक्यावर पदर नसलेली, आणि उत्तराची वाट पाहत होती.

"एकले पोचला," ते म्हणाले.

"आवो!" विमलाबाई म्हणाल्या.

"राहू दे. एकले पोचला तो. मंडपाच्या मेढीपाशी उभा राह्यला. वल्ला झालता. मी पाह्यलं त्याले. घरचा निरोप आहे, हेही समजलं मले. मी हात केला. थांब म्हनून."

"काऊन?"

"आख्यान रंगलं होतं."

मग कुणी मागितलं नव्हतं तरी म्हणाले, "आख्यान अर्ध्यात सोडू नये अशी रीत आहे. बुवा उभा असला का कोनी मधी बोलत नाई. नत्थू बिचारा तसाच उभा राह्यला. आरती झाल्यावर त्यानं सांगतलं."

"किती वेळ?"

"पाऊन तास."

"कोनतं लावलं होतं आख्यान?"

महादेवरावांनी आठवून पाहिलं. मंडप आठवला, पुढे बसलेली माणसं आठवली, पत्र्यावरचा पाऊस आठवला. बाकी काही सापडेना.

"आठवत नाई," ते म्हणाले.

रूपराव उठला. घड्याळ त्याच्या मांडीवरून घरंगळलं, ते कुणी उचललं नाही. "पावणेतीनले पाटलाची बंडी नाल्याच्या पार झाली होती," तो हळूहळू म्हणाला. "मले पाटलानंच सांगतलं मांगून. आमी सव्वातीनले पोचलो." मग तो अंगणाकडे वळला. "नत्थूजी! तुमी तं म्हनले होते, येता येता चाक रुतलं."

नत्थूजी बैलाच्या शिंगाकडे पाहत होता. "मले तसंच म्हनाले सांगतलं होतं, मालक."

"कोनं?"

नत्थूजीनं विमलाबाईंकडे पाहिलं. विमलाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"मी सांगतलं," त्या म्हणाल्या. "मंग काय करू? तू बापाच्या अंगावर धावून गेला असता. ही माहेरी गेली असती. घर मोडलं असतं, रूपराव. लेकरू तं गेलंच होतं. मी घर धरून ठेवलं."

सुलोचना सासूकडे पाहत राहिली. बाळ गेल्यावर दोन महिने या बाईनं तिला खाटेवरून उठू दिलं नव्हतं. स्वतः तेल लावलं, शेक दिला, डिंकाचे लाडू भरवले. माहेरी आई सांगायची, अशी सासू नशीबवान बाईलाच भेटते. आता त्या लाडवांचं काय करायचं? खाल्लेलं परत देता येत नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिला फक्त खूप थकल्यासारखं झालं आणि या सगळ्या माणसांचा विलक्षण कंटाळा आला. देव सांगणारा, घर धरून ठेवणारी, तिकीट पाहणारा आणि हा आपला नवरा, ज्यानं दोन वर्षं एका चाकावर विश्वास ठेवला. एकानंही सरळ बोलू नये?

"बरं, झालं ते झालं," बाबाराव सर्वांत आधी भानावर आला. त्यानं शेजारणींना हातानंच जा म्हणून खुणावलं, पण आता त्या हलणार नव्हत्या. "हे ओसरीच्या खाली गेलं नाई पाह्यजे. दादा, तुमी उद्या नालाच काढू नका. दुसरं काई बोला. शाळेचं बोला. हे पेपरात आलं, का आमदारानं कीर्तनापायी सुनेची रेंगी अडवून ठेवली, तं तिकीट सोडा, सेलूच्या बाजारातून जाता नाई येनार आपल्याले!"

"मंग पूल?" रूपरावनं विचारलं.

"पुलाचं पाहू मुंबईत!"

"मुंबईत कोन ओळखते नाल्याले? सकाळपासून तुमीच म्हनून राह्यले ना!"

"बाबाराव, बस खाली," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी घंटी केव्हाच खाली ठेवली होती. भावाकडे पाहून त्यांना राग येत होता आणि माया येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते या वयातही त्यांना कळत नव्हतं. "महादेवा, तूच सांग. काय करनार?"

महादेवरावांनी उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं. तीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, की चूक कबूल करावी, मन हलकं होतं. गावोगाव त्यांनी माणसांना भर सभेत उभं करून दारू पितो म्हणून कबूल करायला लावलं होतं. त्या माणसांना त्या वेळी काय वाटत असेल, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. मन काही हलकं झालं नव्हतं. गुडघे मात्र दुखत होते आणि बसावंसं वाटत होतं. सुनेनं बसा म्हटल्याशिवाय बसता येईना.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी जातच नाई. राजीनामा देतो. आन आजपासून कीर्तनही बंद."

"घ्या!" सुलोचना म्हणाली. इतका वेळ धरून ठेवलेला सगळा वैताग त्या एका शब्दात बाहेर पडला. "झालं यायचं वैराग्य सुरू! मंग पूल कोन मागन? उद्या अजून एखादी पोर त्या काठावर पडन, तवा तुमी घरी डोळे मिटून बसान! मले तुमचा राजीनामा नोको, मामाजी. मले पूल पाह्यजे."

"मंग काय सांगू तिथं?"

"जे आत्ता सांगतलं तेच. नव वाजता कळा, बाराले सुईनीनं हात टेकले, पाऊन तास मी थांबवलं, नाल्याले पूल नव्हता, लेकरू गेलं. पूल असता तं तुमच्या पाऊन तासानंही मेलं नसतं ते. आत्ता तीन मिनिटंही नाई लागले तुमाले."

"दादा, नाई!" बाबाराव म्हणाला. "वहिनी, सांगा ना तिले!"

विमलाबाई उंबऱ्यावर बसून हातांवरचं पीठ खरवडत राहिल्या.

महादेवरावांनी सुनेकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे त्यांच्या मनात वाक्यं जुळायला लागली होती, एकाहून एक चांगली, आणि ती त्यांनी एकेक करून सोडून दिली.

"सांगतो," ते म्हणाले. "तसंच सांगतो. तू मले माफ कर, का नोको करू."

"ते माह्यं मी पाहीन. कवा करीन, करीन का नाई, ते मले आज माहीत नाई. इचारू नका."

तिनं पदर डोक्यावर घेतला. अंगणात नत्थूजीनं बैल जुंपले. रूपरावनं बापाची पिशवी उचलून रेंगीत ठेवली, पण बापाकडे पाहिलं नाही. महादेवराव पायऱ्या उतरले, जेवण न करताच, आणि कुणी त्यांना जेवून जा म्हटलं नाही. त्यांनी रेंगीच्या दांडीला हात घातल्यावर मात्र सुलोचनेनं ओसरीच्या कडेला येऊन त्यांना हाक मारली.

"मामाजी! माह्यं नाव घेऊ नका तिथं."

"नाई घेत," ते म्हणाले.

"तुमचं घ्या."